सावळीराम वॉलमनच्या घरचं पाणी

सावळीराम डेर्ले नाशकात एकतीस वर्षं वॉलमन होते. भल्या पहाटे सायकलला लोखंडी चावी बांधून निघायचं, रस्त्याकडेचं झाकण उचलून वॉल फिरवायचा, की पुढच्या तीन गल्ल्यांत हंडे वाजायला लागायचे. मूळ गाव सायखेडा. ओंजळभर पाणी तोंडात घोळवून ते सांगत, "आज क्लोरीन जरा जास्त हाय," किंवा "कुठंतरी माती शिरलीय." बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

निवृत्तीनंतरही म्हसरूळच्या त्यांच्या गल्लीत कुणी फिल्टर घ्यायचा म्हटलं, की आधी त्यांना विचारायचा. उत्तर ठरलेलं असे: "धरणाचं पाणी, शुद्ध होऊन येतं. फिल्टर कशाला?"

त्यांच्या बायकोला, लंकाबाईंना, मात्र फिल्टर हवा होता. दोन महिन्यांत तीनदा त्यांचं पोट बिघडलं होतं.

"तू बाहेरची पाणीपुरी खाती," सावळीराम म्हणाले.

"आख्खी गल्ली खाती. त्यांचं नाय बिघडत!"

भांडण तिथंच थांबलं. पण पुढच्या आठवड्यात लंकाबाई चांदवडला बहिणीकडं गेल्या, तेव्हा त्यांनी भाचीपुढं हा विषय काढला. भाची निकिता गावात पाणी तपासायचं काम करायची. तिनं मावशीच्या हातात तळाशी पिवळसर औषध असलेल्या दोन छोट्या बाटल्या ठेवल्या. "यात पाणी भरून दोन दिवस उबेला ठेव. काळं पडलं तर पाण्यात घाण आहे असं समज."

घरी येऊन लंकाबाईंनी एक बाटली फाटकाजवळच्या नळाची भरली. तो नळ थेट मोठ्या लाइनवरचा. दुसरी भरली जमिनीतल्या टाकीची, जिचं पाणी घरात प्यायला यायचं. दोन्हींवर चिठ्ठ्या डकवून त्यांनी त्या गोधड्यांच्या कपाटात ठेवल्या. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नळाची बाटली होती तशीच पिवळसर होती. टाकीची मात्र कोळशासारखी काळी. लंकाबाईंनी दोन्ही नवऱ्यापुढं ठेवल्या.

"बाटलीच खराब आसंल," सावळीराम म्हणाले.

लंकाबाईंनी फोन लावला. पलीकडून निकिता म्हणाली, "काका, मग शेजारची पण काळी झाली असती ना?"

सावळीराम मनाशी हिशेब करू लागले. फाटकापर्यंत पाणी चांगलं येत होतं. बिघाड मधल्या पाइपात, नाहीतर टाकीत. आणि तो पाइप घर बांधताना त्यांनी स्वतः टाकलेला होता.

सकाळी त्यांनी टिकाव काढला. दुपारपर्यंत खणून झाल्यावर सापडलं. मोरीच्या सांडपाण्याचं चेंबर झिरपत होतं आणि बरोबर त्याच्याखाली नळाच्या पाइपाचा जोड तडकला होता. पाणी बंद झालं की रिकामा पाइप आजूबाजूची घाण आत ओढून घ्यायचा. लोकांना हेच सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं: पिण्याचा पाइप मोरीजवळून नेऊ नका.

चिखलात बसून ते हसायला लागले.

"हसता काय?" लंकाबाईंनी विचारलं.

"दुसऱ्याच्या घरी सापडलं असतं, तर मी त्याला किती झापलं असतं गं!"

नवा पाइप घराच्या दुसऱ्या अंगानं आला. टाकी घासून, ब्लिचिंग टाकून धुतली. मग त्यांनी आपणहून म्हटलं, "चल, फिल्टर बघून येऊ. माझ्या जिभेला जंतू कळत नाहीत, हे आता दिसलंच."

दुकानात विक्रेत्यानं सगळ्यात मोठं यंत्र पुढं केलं. "काका, आरओ घ्या. सगळं निघून जातं."

सावळीरामांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "आधी क्षार मोज."

मीटरवर एकशे चाळीस आलं. "हे तर गोडं पाणी. आरओ खाऱ्या बोअरला ठीक हाय. आमचं दुखणं जंतूंचं. शिवाय एक हंडा प्यायला अन् दोन मोरीत, असं पाणी सोडायला माझा हात धजायचा नाय."

विक्रेता हसला. त्यानं यूव्हीचा फिल्टर दाखवला. गाळणीतून आलेलं पाणी आतल्या दिव्यापुढून जातं आणि जंतू मरतात, असं त्यानं समजावलं.

"अन् लाइट गेली तर?" लंकाबाईंनी विचारलं.

"तर पाणी येत नाही, मावशी. आधी भरून ठेवायचं."

"आणि दिवा कधी बदलायचा, गाळणी कधी, ते लिहून द्या." कागद घेतल्यावरच लंकाबाईंनी फिल्टर नक्की केला.

लंकाबाईंचं पोट सुधारलं. सावळीरामांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट गल्लीत घरोघर सांगत सुटले. निकिताकडून डझनभर बाटल्या मागवल्या. दोन काळ्या निघाल्या. त्यातली एक वत्सलाबाईंची. त्यांच्याकडं फिल्टर होता, पण चार वर्षांत त्याचं झाकणसुद्धा कुणी उघडलं नव्हतं.

"आता याला काय करायचं, भाऊ?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काय नाय, ताई. आज उकळून प्या. उद्या दोघं मिळून उघडू."