कंपनीची वकीलबाई

कंपनीच्या वकिलाकडे किस्से फार साठतात. कारण साधं आहे. बाकीचे लोक घरी जाऊन सांगतात आणि मोकळे होतात. आम्हाला सांगता येत नाही! मी हैदराबादला एका औषधांच्या कंपनीत बावीस वर्षं लॉ ऑफिसर होते. कंपनीचं नाव अजूनही सांगणार नाही. थकले, पण ती सवय काही सुटत नाही.

*

नोकरी लागली तेव्हा देशात सगळं नुकतंच खुलं होत होतं. रोज नवा परदेशी पाहुणा, रोज नवा करार. पगारी नोकराला कोर्टात वकिली करता येत नाही, म्हणून वकिलीची सनद बार कौन्सिलकडे जमा करावी लागली. बाबांची सगळी हयात कोर्टात गेलेली. बरकतपुऱ्याच्या घरी जेवता जेवता म्हणाले, "अशिलानं माझ्या कानात सांगितलेलं जज्जसुद्धा विचारू शकत नाही. तुझ्या कानात सांगितलेलं?"

"तेही नाही."

"कोणत्या कलमाखाली?"

मी वरण वाढून घेतलं.

*

आमचे एमडी रेड्डीसाहेब. माणूस चांगला, पण भारी घाईचा. माझ्या प्रत्येक सल्ल्यावर मी 'गोपनीय' असा लाल शिक्का मारायची. साहेबांच्या लक्षात आलं की शिक्का असला की लोक कागद वाचतात! झालं. बसचं टाइमटेबल, कँटीनचा मेनू, सगळ्यावर शिक्का.

पुढे एका दाव्यात समोरच्या पक्षानं माझा सल्ला कोर्टात मागवला. आमचे वकील म्हणाले, "गोपनीय आहे, शिक्का बघा." समोरच्यांनी शांतपणे कँटीनचा मेनू पुढे केला.

जज्जसाहेबांनी तो पूर्ण वाचला. मग मागे बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, उपमासुद्धा गोपनीय?"

*

फॅक्स मशीन होतं रिसेप्शनमध्ये. दिल्लीच्या मोठ्या वकिलांचं मत यायचं होतं, तेव्हा मी ऑपरेटर सुजाताला बजावलं, "आला की मला फक्त फोन कर. वाचायचं नाही."

दुपारी फोन आला. "मॅडम, फॅक्स आला. मी अजिबात वाचला नाही."

"शाब्बास."

"पण आपण हरणार आहोत ना, मॅडम?"

*

एकदा तपासणीला अधिकारी आले आणि थेट माझ्या कपाटाकडे वळले. मी आडवी आले. "हे वकिलाचे कागद आहेत."

"वकील कोण?"

"मी."

"सनद?"

"जमा केलीय."

"मग बाजूला व्हा ना, अम्मा," ते फार प्रेमानं म्हणाले.

मी म्हटलं, लेखी हुकूम आणा. खुर्ची ओढून कपाटाला पाठ लावून बसले. संध्याकाळी हुकूम आला. मी उठले. त्यांनी कपाट रिकामं केलं आणि खुर्ची जागेवर ठेवून गेले.

*

त्याच सुमारास आमच्या कारखान्याचं घाण पाणी नाल्यात गेलं आणि खालच्या गावात जनावरं मेली. साहेबांनी मला कामगारांचे जबाब घ्यायला पाठवलं.

सगळ्यांचं एकच उत्तर, "माहीत नाही." शेवटी सायलू आला, जुना फिटर. त्यानं दार लावून घेतलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, आप को बोले तो बात बाहर नैं जाती ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली असती तर त्यानं सगळं सांगितलं असतं. व्हॉल्व्ह कुणी उघडला, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं. आणि मी ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं असतं. नोकरी माझी तीच होती.

मी पेनाला टोपण लावलं. "सायलू, थांबा. मी तुमची वकील नाही. मी कंपनीची वकील आहे."

त्यानं टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली. रागानं नाही.

"पच्चीस साल से हूँ, मॅडम," तो म्हणाला. "मैं कंपनी नैं हूँ क्या?"