सत्यम डॉक्टरांचा वळू आणि गुरुपादप्पांचा सूड

आमचे गुरुपादप्पा तसे गरीब माणूस. देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होते. लाथा खाल्ल्या, पण म्हशीवरसुद्धा कधी डूख धरला नाही. जन्मात सूड एकदाच उगवला; पण असा मन लावून, की बघणाऱ्याचं पोट भरावं.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर ते तापानं लातूरच्या एका खासगी दवाखान्यात सहा दिवस पडले. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. रक्त मात्र रोज सकाळी निघतच राहिलं.

"सिस्टर, कालच नेलं की! संपलं का ते?"

"रूटीन हाय, अप्पा. तपासण्यांच्या छापील कागदावर सरांनी सगळ्यालाच टिक केलीय," तनुजा सिस्टर शीर हुडकत म्हणायची. तिलाही पटत नव्हतं. पण सत्यम डॉक्टरांपुढं बोलणार कोण?

शेवटी अप्पांनीच विचारलं, "साहेब, माझ्या रक्तात काय हुडकून राहिलात?"

डॉक्टरांनी मोबाइलमधून मानही वर काढली नाही. "काका, तुम्हाला नाही कळायचं."

जनावराचा कान धरून ताप सांगणाऱ्या माणसाला हे! काळेनिळे हात घेऊन अप्पा घरी आले, ते दात खातच.

आता, या सत्यम डॉक्टरांना देवणी जातीच्या वळूचा भारी शौक. देवणीतल्या जनावरांच्या प्रदर्शनात त्यांनी आपला वळू आणला. फाटकावर तपासणीला जुने जाणकार म्हणून बसवलं होतं अप्पांना. त्यांच्या दाखल्याबिगर आत प्रवेश नाही, आणि बाराला फाटक बंद. डॉक्टर पोचले साडेअकराला.

अप्पांनी वळूचा कान धरला, डोळे बघितले, पाठीवरून हात फिरवला. जनावर ठणठणीत. मग सावकाश सुई काढली.

"रक्त लागंल. शेण, मूत बी. उद्या परत, परवा परत."

"अहो, त्याला झालंय काय?"

"काय न्हाई. रूटीन."

"वर्षभर खपलोय मी याच्यामागं! धडधाकट जनावराला कशाला टोचता?"

"साहेब, तुम्हाला न्हाई कळायचं."

तेव्हा कुठं डॉक्टरांनी माणूस ओळखला. "सूड घेताय माझ्यावर?"

"हाव."

मुक्या जिवाला विनाकारण टोचणं अप्पांच्या हातून झालंच नसतं. पण हे डॉक्टरला कशाला सांगा? बाराला सात मिनिटं उरेपर्यंत सुई हातात धरून त्यांनी डॉक्टरांचा घाम बघितला. मग कोरा कागद पुढं केला.

"ल्ह्या. कारण लिहिल्याबिगर कुणाचंबी रक्त काढू नये. खाली सही करा."

डॉक्टरांनी लिहिलं. वळू आत गेला, स्पर्धेत तिसरा आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अप्पा लातूरला. कागद तनुजा सिस्टरनं डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली सारला. आता डॉक्टर सगळ्यालाच टिक करायला लागले, की ती काचेवर बोट ठेवून विचारते, "सर, कारण?" निम्म्या वेळा सापडत नाही.

महिन्यातून एकदा, काहीही दुखत नसताना, अप्पा तिथल्या बाकावर जाऊन बसतात. डॉक्टरांचं पेन अडलं, की लांबूनच हात जोडून नमस्कार घालतात.