व्हिक्टोरिया सरोवरातल्या माशांचे रंग

ऐंशीच्या दशकात ॲन आर्बरमधल्या एका संग्रहालयात मी दोन हिवाळे लेबलं टाइप केली. त्याआधी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. तळघरात व्हिक्टोरिया सरोवरातल्या बोटभर माशांच्या बरण्या होत्या. हे सरोवर तीन देशांना लागून आहे आणि इतकं रुंद, की पलीकडचा किनारा दिसत नाही. त्यात या छोट्या माशांच्या शेकडो जाती होत्या. स्पिरिटमध्ये मासा टिकतो, रंग टिकत नाही. बरण्यांतले सगळे मासे राखाडी झाले होते. जिवंतपणीचे रंग कुणी लिहून ठेवले नव्हते.

म्हणून आमच्या अमेरिकन संशोधक बाईंनी गावातल्या एका मराठी काकांना बोलावलं. काकांचा जन्म युगांडातला, सरोवराकाठचा. तिथल्या मत्स्य खात्यात ते कारकून होते. बहात्तर साली भारतीयांना देशाबाहेर काढलं, तेव्हा एक सूटकेस घेऊन निघाले. आता मुलाकडे राहत. दर मंगळवारी मुलगा त्यांना संग्रहालयात सोडून कामावर जाई.

"हा मोरपंखी. कल्ल्याशी डाळिंबी. लिहिलंस?"

"काका, डाळिंबीला इंग्रजीत काय लिहू?"

"पेपरात होतीस ना? मग शोध की!"

फेब्रुवारीत बाईंना सरोवरावरच्या सहकाऱ्याचं पत्र आलं. पन्नासच्या दशकात तिथे नाईल पर्च सोडला होता. तो माणसाएवढा वाढतो आणि छोटे मासे खातो. काकांच्या धक्क्याजवळ टाकलेल्या जाळ्यांत आता फक्त तोच आला होता. बाईंनी ते वाचून दाखवलं. काकांनी पत्र मागून घेतलं, स्वतः वाचलं आणि मला मराठीत म्हणाले,

"पहिला मोठा मासा धक्क्यावर आला ना, तेव्हा तुझ्या काकूनं पेढे केले होते. मी अख्ख्या ऑफिसात वाटले. साहेबांना दोन दिले."

काय म्हणाले, असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं.

अकरा बरण्या उरल्या होत्या. बाई म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी करू. काका म्हणाले, नको, आजच. दहांचे रंग त्यांनी न थांबता सांगितले. अकरावी बरणी उजेडात धरली, फिरवली, खाली ठेवली, परत उचलली.

"हा आमच्या धक्क्याशीच असायचा गं. रोज बघायचो."

"निळा असेल का?" बाकीचे बहुतेक निळेच होते.

"असेल. पण अंदाजानं लिहू नकोस."

रंगासमोर मी 'माहीत नाही' असं टाइप केलं. काकांनी ते वाचलं आणि खाली सही करू का, असं विचारलं. लेबलांवर सही लागत नाही. मी पेन दिलं.