दुसरा साक्षीदार

सिंगापुरात घासाघिशीत मला हरवणारा एकच माणूस भेटला, आणि तोही मला काही विकत नव्हता. बिशानच्या आमच्या पक्षीनिरीक्षण गटाचे हे प्रमुख, आम्हा सगळ्यांचे 'साहेब', तांजोंग पगारच्या एका बँकेतून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. बँकेने त्यांना सोडलं, त्यांनी बँकेला सोडलं नाही. रविवारी सातला पार्कात जमायचं. पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याकडे ते असं बघत, की माणूस आपणहून कारणं सांगू लागे. चालताना कुरकुरीत काही खायचं नाही, पक्षी बिचकतात. त्यामुळे आम्ही वर्षानुवर्षं केळी खात फिरलो. माणसांवर ते खेकसत, पण झाडावर धनेश बसला की हलक्या आवाजात म्हणत, "धनेशराव आलेत, टोप्या काढा." गटातल्या चिनी बाईही 'धनेशराव' म्हणायला शिकल्या. गटाच्या नोंदवहीचा नियम मात्र थेट बँकेतला. दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत.

दोन वर्षांपूर्वी सगळे नदीकाठी पाणमांजरांचे फोटो काढत होते, तेव्हा मला एकट्याला मासेखाऊ घुबड दिसलं. मिनिटभर आम्ही एकमेकांकडे रोखून बघितलं. मी हाका मारेपर्यंत ते उडालं. वहीत तोवर एकही घुबड नव्हतं. पहिलं माझ्या नावावर लागायला हवं होतं.

"दुसरं कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी आहे ना!"

"तुम्ही पहिले."

जहाजांचे सुटे भाग विकत मी शून्यातून उभा राहिलो. 'नाही' ऐकलं की माझं बोलणं खरं सुरू होतं. "बरं, घुबड राहू द्या. नुसतं 'मोठा पक्षी' लिहा."

"भाजी घेताय का?"

"मग पेन्सिलीने लिहा!"

"आवाज खाली. धनेशराव बसलेत."

यावर मी जे ओरडलो, त्याने धनेशराव उडालेच. "अंकल, सो फियर्स लाह!" किती हो भडकता, अशा सुरात चिनी बाई मला म्हणाल्या. तीन रविवार मी फिरकलो नाही. चौथ्या रविवारी गेलो, ते केवळ घुबड पुन्हा शोधून साहेबांना तोंडघशी पाडायला. दोन वर्षं शोधलं. दिसलं नाही.

यंदा साहेब कायमचे नाशिकला मुलीकडे निघाले. शेवटच्या फेरीला, दुर्बीण सावरत ते एकदम थांबले. "घुबड! तिसरी फांदी."

मला तिथे एक वाळकं पान दिसलं. बाकीचेही माना उंचावून शोधतच होते.

"दुसरं कोण?" त्यांनीच विचारलं.

मी हात वर केला. "दिसलं. अगदी स्पष्ट."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "तुम्ही कधीच कुठल्या गोष्टीला एका दमात 'हो' म्हणत नाही," ते म्हणाले. "म्हणजे दिसलं नाही." आणि वही मिटली.

निघताना ती वही त्यांनी माझ्याच हातात ठेवली. का, ते सांगितलं नाही. घरी येऊन मी आधी ते दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. तळाशी पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मासेखाऊ घुबड. साक्षीदार एकच. पण इतका चिडला, म्हणजे दिसलं असणार.'

मग शेवटचं पान उघडून मी त्यांचं घुबड लिहिलं. साक्षीदार एकच. पेन्सिलीनेच.