काळी पडलेली बोर्डं

कॉम्प्युटर उघडला की आत दोन गोष्टी सापडतात. एक धूळ, आणि दुसरी त्या घरातली भानगड. धूळ ब्लोअरनं उडवता येते. भानगडी मात्र डोक्यात साठत जातात, आणि आता इतक्या साठल्यात की चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "सांगा की राव एखादी!"

दोन हजार सालाच्या मागंपुढं दौंडला माझं आणि रफिकचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान होतं. रफिक शांत, मी तोंडाळ. गिऱ्हाईक त्याच्यामुळं टिकायचं आणि माझ्यामुळं पळायचं, असं तो म्हणायचा. खोटं नव्हतं. पण हसायला मिळेल म्हणून बसला असाल तर आधीच सांगून ठेवतो, सगळंच काही हसण्यासारखं नाही.

*

कासुर्डीच्या एका आप्पांचा फोन आला. "मिशीन चालू केलं की घडीभरात झोपतंय."

गेलो. बघतो तर मॉनिटरला कव्हर, सीपीयूला कव्हर, कीबोर्डला कव्हर, आणि सगळं चालू! फक्त स्क्रीनपुरती कापडाला खिडकी कापलेली, तीही चारी बाजूंनी नीट शिलाई मारून. सीपीयूला हात लावला तर चटका बसला.

"अहो आप्पा, चालू असताना कव्हर काढायचं असतं!"

"आन् धूळ बसली म्हंजी?"

"बसू द्या! त्याला आत हवा लागते. श्वास कोंडून मरेल ते!"

आप्पांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "मेकॅनिक, मिशीन हाय ते. बैल हाय व्हय श्वास घ्याया?"

मी दौंडपर्यंत हसत आलो. तेव्हा हसायला यायचं.

*

शिरूर माझी सासुरवाडी. खंडेनवमीला आम्ही तिकडं होतो. मेव्हणा सकाळपासून अवजारं धुवत होता. ट्रॅक्टर धुतला, मोटरसायकल धुतली, नांगर, कोयते, कुऱ्हाड, सगळं ओळीनं अंगणात मांडलं. मी आंघोळ करून बाहेर आलो तर ओळीच्या शेवटाला कॉम्प्युटर! सीपीयूतनं पाणी ठिबकतंय, फ्लॉपीच्या फटीत कुंकू, वर झेंडूची माळ.

माझा आवाज चढला. "अरे, पाइप मारलास का काय त्याच्यावर?"

"मग? आख्ख्या घराचं त्यो काम करतोय. त्याला एकट्याला बिनआंघोळीचा ठिवायचा व्हय?"

"अरे मेलं ते!"

मेव्हण्यानं ट्रॅक्टरकडं बोट दाखवलं. "दाजी, ह्यो तर चालू झाला की!"

सासूबाई म्हणाल्या, सणासुदीचं मेलंबिलं बोलू नका. मग मी पुरणपोळी खायला बसलो.

*

दौंडातल्या एका गुरुजींनी व्हायरसचा धसका घेतला होता. पेपरात काहीतरी वाचलेलं. बाहेरची फ्लॉपी घरात आणायची बंदी, पोरांनी कीबोर्डला हात लावायची बंदी. तरी कॉम्प्युटर इतका हळू झाला की सकाळी बटण दाबून गुरुजी दाढी करून येत, तरी विंडोज उघडलेली नसे.

रफिकनं बघितलं. आत तीन अँटिव्हायरस. तिघं एकमेकांनाच चोर समजून धरून बसलेले, आणि खरा व्हायरस मागच्या दारानं येऊन आरामात राहत होता. सगळं फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकायची वेळ आली.

"गुरुजी, राखणदार एकच ठेवायचा असतो," रफिक म्हणाला.

"आणि त्याला डुलकी लागली तर?"

फॉरमॅटमध्ये गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. कॉपी कुठंच नव्हती, कारण कॉपी काढायला सीडी घालावी लागते आणि सीडीतनं व्हायरस येतो. मुलगी बाळंतपणात वारली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.  पुढं गुरुजींनी कॉम्प्युटर चालू करायचंही सोडलं.

*

हायवेकडं केमिकलच्या एका कंपनीमागं वस्ती आहे. नाव सांगत नाही, माझे पाहुणे अजून तिथं राहतात. तिथले बबनमामा कांबळे त्याच कंपनीत ऑपरेटर होते. एकुलती मुलगी प्रज्ञा दौंडला कॉम्प्युटरचं शिकत होती, म्हणून घरात कॉम्प्युटर आलेला. वर्षाच्या आत तो बंद पडला.

दुकानात उघडला आणि मी रफिकला हाक मारली. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात कोळशासारखे काळे. मदरबोर्डावरच्या तांब्याच्या रेघा काही ठिकाणी हिरव्या, काही ठिकाणी खाल्लेल्या.

"मामा, आत पाणी गेलं होतं का?"

"न्हाई."

"मग ॲसिडच्या बाटलीशेजारी ठेवला होता का काय?" मी चिडूनच विचारलं.

मामांना खोकला आला. बराच वेळ खोकले. मग डोळे पुसत म्हणाले, "आम्ही समदीच त्या बाटलीशेजारी ऱ्हातो."

नवं बोर्ड बसवलं. जुनं मी भंगारात टाकायला लागलो तर मामांबरोबर आलेल्या शांतामामींनी हात पुढं केला. "ते हिकडं द्या. आमची वस्तू हाय." आणि पिशवीत घालून घेऊन गेल्या.

*

आमच्या धंद्यातलं हुकमी औषध म्हणजे शाळेतलं खोडरबर. रॅम काढायची, तिचे दात रबरानं घासायचे, परत बसवायची. निम्मे कॉम्प्युटर तेवढ्यानं उठून बसतात. दर वेळी मी कुठं येत बसू, म्हणून हे मामींना शिकवलं.

पुढच्या खेपेला गेलो तर मामी ओट्यावर पाय पसरून रॅम घासत बसल्या होत्या. कॉम्प्युटरला त्यांनी फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं, खिडकीला प्लास्टिक ठोकलं होतं, फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. तरी दात काळे पडतच होते. आत मामांचा खोकला चालू.

मामींनी रॅम उजेडात धरून बघितली. "झाली बगा लख्ख." मग आतल्या खोलीकडं बघत म्हणाल्या, "ह्यांना असं उघडून घासाया आलं असतं तर लय बरं झालं असतं."

  मी म्हणालो, "चहा टाका मामी."

*

मामांच्याच कंपनीच्या ऑफिसातनं एकदा आम्हाला बोलावणं आलं. प्रिंटरचं काहीतरी काम होतं. सर्व्हरच्या खोलीत जायला दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नव्हतं. आत एसी, आणि छताजवळ एक मोठी पेटी घोंघावत होती.

"ही हवा गाळायची मशीन," तिथला इंजिनियर कौतुकानं सांगायला लागला. "इथली हवा कॉम्प्युटरला चालत नाही हो. बोर्डं खाते."

रफिक सहसा तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "आणि बाहेर प्लँटमध्ये माणसं आहेत, ती?"

"ती काय, दर आठ तासांनी बदलतात की!"

पोरगा वाईट नव्हता. आम्हाला चहा दिला, बिस्किटं दिली, गेटपर्यंत सोडायला आला.

*

दुसरं बोर्डही तसंच काळं पडून मामींच्या पिशवीत गेलं. तिसरं गेलं तेव्हा मी भांडलोच. "मामा, चौथं मी इथं बसवणार नाही. त्याला ह्या घरातनं हलवा!"

चौथं बोर्ड घालून कॉम्प्युटर दौंडला प्रज्ञाच्या मावशीकडं गेला. तीच विंडोज, तोच पंखा, तेच फुलाफुलांचं कव्हर. पण तिथं त्याला एकदासुद्धा काही झालं नाही. रॅम घासायला मामी तिथं नव्हत्या, तरी चालत राहिला.

मामा दुकानात आले होते. दोन पायऱ्या चढले आणि बाकावर बसून राहिले. बोलण्याइतका दम यायला वेळ लागला.

"कसा चाललाय कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"हवा मानवली त्याला." मामा हसले. "त्याची बदली झाली बगा. माझी कवा व्हायची?"

प्लँटमधनं काढून गेटवर बसवा, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात उपचार. पण हा आजार कामामुळं झालाय असं कंपनीनं म्हटल्याशिवाय पुण्याचा खर्च झेपणारा नव्हता. कंपनीचा डॉक्टर दर वेळी एकच म्हणायचा, "बिडीनं झालंय." मामा आधी बिडी ओढायचे, ते त्यांनीच खरेपणानं सांगितलेलं. प्रज्ञा जन्मली तेव्हा सोडली, हे सांगितलेलं मात्र डॉक्टरच्या कानात शिरत नव्हतं.

"मरणाचं काय न्हाई," मामा म्हणाले, "पण बिडीनं मेला म्हणत्याल, त्ये न्हाई सोसायचं."

रफिकनं त्यांना गाडीवर बसवून घरी सोडलं.

*

मग मामांनी खाट धरली. एका रविवारी प्रज्ञाचा फोन आला, "दादा, कंपनीचे साहेब आणि डॉक्टर घरी येणारेत. तुम्ही या, बोर्डांचं सांगा त्यांना." मी वाटेत सगळं जुळवत गेलो. तांबं कसं काळं पडतं, सर्व्हरला हवा का गाळतात, सगळं. आज तोंडाळपणा एकदाचा कामी येणार म्हणून मला जरा चेवही आला होता.

साहेबांनी फळांची पिशवी आणली होती. मी तोंड उघडलं तसं त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. कॉम्प्युटर रिपेअर करतो."

"मग कॉम्प्युटरचं बघा ना."

संपलं! आयुष्यभराची माझी बडबड, आणि तिथं एक शब्द फुटला नाही. अजून त्याचा राग येतो.

डॉक्टर खाटेजवळ खुर्ची ओढून बसला. "बबनराव, खरं सांगा, दिवसाला किती बिड्या व्हायच्या?"

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण खोकला आला. प्रज्ञा पाठ चोळत होती. डॉक्टर कंपनीच्या साहेबांकडं बघून मान हलवत होता. असंच असतं ह्या लोकांचं, अशी.

मामी आत गेल्या. फुलाफुलांच्या कापडाचं गाठोडं घेऊन आल्या. फळांची पिशवी त्यांनी स्टुलावरनं खाली ठेवली, गाठोडं सोडलं, आणि जपून ठेवलेली ती तिन्ही काळी बोर्डं एकेक करून डॉक्टरपुढं मांडली.

"डॉक्टरसाहेब, ही तिन्ही ह्याच घरात, ह्यांच्या उशाशी मेली," मामी म्हणाल्या. "ह्यातलं कोण बिडी वढत हुतं, तेवढं सांगा."