सरकार जामीन राहिलं

गादीवाल्या मावशीला ओळखायला चेहरा पाहावा लागत नसे. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, पदराला दाभण टोचलेलं. भर उन्हात ही बाई बर्फातून चालत आल्यासारखी दिसे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिची खोली. सकाळी तिची काठी कापसावर धप् धप् पडू लागली की मला अंथरुणातच वाटायचं, तिसरी घंटा झाली, उठा, पडदा वर जाणार! रंगभूमी सुटून किती वर्षं झाली, पण मावशीने मला एक दिवसही उशिरा प्रवेश करू दिला नाही.

मग ती घंटा मंदावू लागली.

"राणीबाई," मावशी मला म्हणाली. (मी नाटकांतून राण्या केल्या, आणि गल्लीने माझं राज्य अजून खालसा केलेलं नाही.) "खांदा गेला हो. हात वर जाईना. आता वरच गेला नाही, तर खाली काय आपटू?"

कापूस पिंजायचं यंत्र आलं तर धंदा टिकणार होता, नाहीतर खोलीला कुलूप. पण बँक? आमच्या गल्लीचा पत्ता सांगितला की बँकेतल्या माणसाला नेमकी भूक लागायची आणि तो जेवायला जायचा. गहाण टाकायला मावशीकडे होतं काय? एक काठी, एक दाभण आणि एक जीभ. तेवढ्यात योजना निघाली, की ज्यांना बँका दारात उभं करत नाहीत, अशा छोट्या धंदेवाल्यांना कर्ज द्यायचं आणि जामीन सरकार राहणार. मावशीने खेटे घालून घालून चपला झिजवल्या.

आणि एका संध्याकाळी नळावर बादली आदळून तिने जाहीर केलं, "सुटले गं बाई! जामीन मिळाला! खुद्द सरकार उभं राहिलं पाठीशी. उद्या चौकशीला माणूस येणार, तेवढं निभावलं की झालं!"

भरलेली बादली उचलून ती निघून गेली. नळ वाहत राहिला. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"काय केलं असेल हो तिनं?" समोरच्या इस्त्रीवालीने नवऱ्याला विचारलं.

"काठी लागली असेल कुणाला. दिवसभर बडवत असते, आलं असेल कुणीतरी मधे."

"तुम्ही नाही ना आलात मधे? नाही, जिवंत दिसताय म्हणून विचारते."

कर्जाचं मला ठाऊक होतं. म्हणून माझा तर्क त्यांच्यापेक्षा बरा होता: खेटे घालून वैतागलेल्या मावशीने काठी बँकेतच चालवली. हे मी खालच्या पट्टीत, योग्य ते थांबे घेऊन सांगितलं. सगळ्यांना पटलं.

"केलं ते केलं," इस्त्रीवाला म्हणाला, "पण बाई आपली आहे. माल जप्त व्हायच्या आत हलवा."

सकाळी मावशी यंत्राचा भाव काढायला गेली, आणि कडी लावलेली तिची खोली गल्लीने धुऊन पुसून रिकामी केली. कापसाचे गठ्ठे इस्त्रीवाल्याकडच्या कपड्यांच्या ढिगाखाली गेले. भरलेल्या गाद्या माझ्या खोलीत आल्या. त्या एकावर एक रचून मी वर चढून बसले. हात लांबवला तर पंख्याचं पातं पुसता आलं असतं.

चौकशीचा माणूस आला. किडकिडीत, काखेत फाईल, नाक कायम शिंकेच्या तयारीत.

"मी बँकेकडून आलोय. गादीवाल्या बाईंच्या चौकशीला."

इस्त्रीवाल्याने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी डोळे मिटून मान हलवली: म्हणाले नव्हते?

"त्यांचा धंदा कसा काय चालतो?"

"धंदा? साहेब, ती तसली बाई नाही. तिचे कसलेही धंदे नाहीत."

"मग माल कुठे ठेवतात?"

"कसला माल? आम्ही जन्मात माल पाहिला नाही." एवढ्यात कापसाचा एक पुंजका तरंगत येऊन इस्त्रीवाल्याच्या मिशीवर बसला.

"हा कापूस?"

"म्हातारपण," इस्त्रीवाली म्हणाली. "एकाएकीच आलं त्यांना."

साहेब शिंकले, काहीतरी लिहिलं आणि जिना चढून माझ्याकडे आले.

"आपण इतक्या उंचावर?"

"सवय आहे."

"आणि या गाद्या?"

"माहेरच्या."

"बरं. त्या बाई माणूस म्हणून कशा आहेत?"

किती वर्षांनी मला कुणी वाक्याची जागा दिली होती! "निष्पाप!" मी म्हणाले, आणि भिंतीचा पोपडा पडला. "साहेब, त्या हाताने आजवर मुंगी मारली नाही! आणि आता तर तो हात खांद्याच्या वर जातसुद्धा नाही!"

साहेबांचं पेन थबकलं. "हात वर जात नाही? मग त्या काम कसं करतात?"

"करतच नाहीत! मघापासून सांगतोय काय आम्ही?"

तेवढ्यात खालून मावशीचा आवाज आला. "माझा कापूस कुणी नेला रे?"

"कोण तुम्ही? भलत्याच गल्लीत शिरलात बाई," इस्त्रीवाला मोठ्याने म्हणाला आणि मग दबक्या आवाजात, "मावशी, पळ! माणूस वर आहे!"

"पळू? अरे, त्याच्यासाठी तर धावत आले! तो हो म्हणाला तर यंत्र मिळणार मला!"

"यंत्र? जामिनावर सुटलेल्याला यंत्र देतात?"

मग इमारतीला ऐकू जाईल असा आवाज आला. "मुडद्या! कर्जाचा जामीन! तुरुंगातला नव्हे!"

पुढचा प्रवेश उलट्या दिशेने झाला. गठ्ठे खाली, गाद्या खाली. माझ्याखालची एकेक गादी निघत गेली आणि मी हप्त्याहप्त्याने जमिनीवर आले. "धंदा? जोरात आहे साहेब!" इस्त्रीवाला ओरडत होता. "मालाने घर भरलंय!"

"मघाशी धंदाच नव्हता," साहेब म्हणाले. "आता तुमच्या शब्दावर मी लिहू काय? चालता धंदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला शिफारस करता येत नाही."

सगळे खाली तिच्या खोलीत आलो. मावशीने पदर खोचला, काठी घेतली. एक धप्. दुसरी धप्, अर्धीच. तिसऱ्यांदा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. तिने ओठ आवळले. हात काही वर जाईना. यंत्र गेलं, हे तिच्या चेहऱ्यावर आम्हा सगळ्यांना दिसलं, आणि गल्लीत कुणाला विनोद सुचेना.

"सर बाजूला," म्हणत इस्त्रीवाल्याने काठी हिसकावली. पहिला घाव कापसावर, दुसरा दिव्यावर. काच आणि कापूस एकदमच उडाले. साहेब आपादमस्तक पांढरे.

ते शिंकायचं विसरले. मावशी उजवा खांदा डाव्या हाताने धरून उभी होती, तिकडे बघत राहिले. मग फाईलवरचा कापूस फुंकला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं: "धंदा आहे. हात उरलेला नाही. यंत्र द्यावे." पुढे शेजाऱ्यांच्या मतासाठी जागा होती. तिथे त्यांनी माझ्याकडे पाहून लिहिलं, "निष्पाप."

यंत्र आलं. आता तिसरी घंटा सकाळपासून दिवे लागेपर्यंत वाजतच असते, आणि मी सारखी प्रवेशाला तयार होऊन बसते. मावशी एका हाताने कापूस सोडते, दुसऱ्या हाताने चहा पिते. कापूस मात्र थेट समोर उडतो, इस्त्रीच्या टेबलावर, लोकांच्या काळ्या कोटांवर.

"मावशीऽऽ!" इस्त्रीवाला रोज कोट झटकत बोंबलतो. "कुणी दिला गं तुला जामीन? आत होतीस तेच बरं होतं!"