पेनांगला जाताना पांढरा टॉवेल नेऊ नका

पेनांगला निघालोय, काय काय सांभाळायचं, असं ब्लॉगवर विचारणारे वाचक बरेच आहेत. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा ना मोबाइल होता, ना मलेशिया. देशाचं नाव मलाया होतं आणि आमच्या लालबागमध्ये रोज संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालायच्या. मी परळच्या एका गिरणीत कारकून होतो. दिवसा हजेऱ्या आणि संध्याकाळी घोषणा, असा माझा दिनक्रम.

माझा थोरला भाऊ, दादा, बोटीवर फिटर होता. पेनांगच्या गोदीत काम मिळालं म्हणून तिथेच राहिला आणि मेई नावाच्या चिनी मुलीशी लग्न करून मोकळा झाला. ते कळल्यापासून आईने त्याचं नाव टाकलं होतं. चाळीत तर चेष्टेला ऊत आला. शेजारचा बाबल्या म्हणाला, "आम्ही इथे मुंबई मागतोय, आणि तुझ्या दादाने पेनांग जोडून टाकला की रे!"

शेवटी दादानेच माझं तिकीट पाठवलं. मला वाटलं आई अडवेल. ती म्हणाली, "जावन बघ. माणसां कशी आसत ती माका येवन सांग." म्हणजे दादाच्या बायकोला आमचा उंबरा ओलांडता येईल की नाही, हे माझ्या सांगण्यावर ठरणार होतं. निघताना आईने व्याह्यांसाठी गिरणीच्या दुकानातला नवाकोरा पांढरा टॉवेल आणि टोपी दिली, सोबत कुंकवाची पुडी. "कुंकू लाव हां. कोरो टॉवेल देव नको," असं दोनदा बजावलं. मी मान डोलावली. तेव्हा मी स्वतःला फार पुढारलेला समजायचो.

बोट कोलंबोवरून गेली. डेकच्या तिकिटात अंथरूण आपलं आपण न्यायचं होतं, आणि लिंबाचं लोणचं नेलं नसतं तर माझी धडगत नव्हती. आता विमानं आहेत, तरी लोणचं न्याच.

धक्क्यावर दादा तीनचाकी रिक्षा घेऊन उभा होता. तिथे उतारू पुढे बसतो आणि चालवणारा मागून पेडल मारतो. समोरून येणारी प्रत्येक गाडी आपल्याच मांडीवर येतेय असं वाटतं. बसण्याआधी भाडं ठरवावं. दुकानांपुढून झाकलेले वऱ्हांडे जातात. चालायचं त्यांच्यातूनच, कारण दुपारी पाऊस न सांगता येतो. एकेका गल्लीत चिनी, तमिळ, इंग्रजी आणि मलाय लोकांची अरबी वळणाची जावी अशा लिप्यांतल्या पाट्या शेजारी शेजारी दिसल्या. आमच्याकडे भाषेवरून रान पेटलेलं, त्यामुळे मी त्या पाट्यांकडे जरा संशयानेच पाहत होतो.

दादाने वाटेतच धडे दिले. बोटाने दाखवायचं नाही, मूठ मिटून अंगठ्याने दाखवायचं. मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, मलाय लोकांना आवडत नाही. द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हाताने, आणि चिनी घरात दोन्ही हातांनी. घरात शिरताना चपला बाहेर. मशिदीत पाय आणि खांदे झाकलेले हवेत आणि नमाजाची वेळ टाळावी. समुद्रात खांबांवर घरांची वस्ती आहे, ती बघायला जरूर जा, पण ती राहती घरं आहेत. वरळी कोळीवाड्यात कुणाच्या पडवीत डोकावलात तर जे ऐकून घ्याल, ते तिथेही ऐकाल. शाकाहाऱ्यांनी प्रत्येक पदार्थाला विचारावं, कारण पालेभाजीतही सुक्या कोळंबीचं वाटण असतं. मला तर जवळ्याच्या वासाने घरी आल्यासारखं वाटलं.

मेईच्या वडिलांचं कॉफीचं दुकान होतं, वर घर. त्यांनी काळी कॉफी आणि नारळ-अंड्याचा जॅम लावलेला पाव पुढे केला. दुधाशिवाय हवी असेल तर 'कोपी-ओ' म्हणा. कॉफी झाली आणि मी आईची भेट काढली. दोन्ही हातांनी, अगदी शिकवल्याप्रमाणे, टॉवेल-टोपी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी हात पाठीमागे नेले. कोपऱ्यात बसलेली मेईची आजी काहीतरी पुटपुटून उठून आत गेली. दादाचा चेहरा उतरला. मला काही कळेना. आमच्याकडे व्याह्याला याहून मोठा मान कुठला?

मेईने हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं, "आमच्याकडे पांढरा टॉवेल मयताला आलेल्यांना देतात."

पहिल्या भेटीत मी त्या भल्या माणसाच्या दारात मरण आणलं होतं. आईला काय सांगणार होतो? टॉवेल तसाच हातात धरून मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "आईने लाल लावून द्यायला सांगितलं होतं. मी लावलं नाही."

"लाल?" मेईचे डोळे लकाकले. "कुठे आहे?"

मी पिशवी उपसली. पुडी तळाशी होती. मेईने ती उघडली, टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि चारही कोपऱ्यांवर कुंकवाचं बोट टेकवलं. मग टोपीवर. मग वडिलांना त्यांच्या भाषेत बरंच काही सांगितलं. दादाने नंतर मला त्याचा अर्थ सांगितला: तिकडची आई मुलाला लाल लावूनच दे म्हणाली होती, आपल्याकडे लाल म्हणजे शुभ हे तिला माहीत होतं. म्हाताऱ्याने हात पुढे केले, दोन्ही. टोपी डोक्यावर चढवली, ती जरा लहान झाली. आजी बाहेर येऊन हसली.

निघायच्या दिवशी मेईने उरलेली पुडी मागून घेतली आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्याजवळ ठेवली. टेकडीवरची रेल्वे, मोठा पॅगोडा, सगळं पाहिलं मी. तुम्हीही पाहा. त्यांची वर्णनं तुम्हाला कुठेही मिळतील.

बंदरावरून घरी आलो तर आई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं, माझी फजितीसुद्धा. कुंकू लावलं नाही यावर ती मला बोलेल असं वाटलं होतं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"चारय कोपऱ्यांक लावल्यान?"

"चारही."

"कोणी सांगल्यानी तिका?"

"कुणीच नाही."

तिने भाकरी तव्यावरून उतरवली. मग पिठाचे हात झटकून म्हणाली, "सुनेक माझ्या लिव, चतुर्थेक घराक ये म्हणान."